संडासाची किल्ली

रविवार, रात्री

वेदीवर फुलं ठेवायची पाळी माझी होती, म्हणून आज पहाटेच चर्चला गेले. पाऊस चालूच होता. फाटकाशी हार करणारी मावशी उभी. काम दादरच्या फुलबाजारात, झोप आमच्या भिंतीलगत ताडपत्रीखाली. "ताई, आत संडासला जाऊ देता का?" तिनं मान खाली घालूनच विचारलं. वॉचमन नको म्हणाला. मी किल्ली आणून दार उघडलं.

मग पायरीवर बसून ती बोलत राहिली. सूर्य मावळला की ती पाणी पीत नाही. रात्री उठायची वेळ आली तर शौचालयाला कुलूप असतं, आणि आडोशाला गेलं की कुणीतरी मुद्दाम बॅटरी मारतं. अंघोळ अंगावरच्या साडीसकट, अंधार आहे तोवर. मध्यंतरी पालिकेची गाडी आली आणि तिचं बोचकं उचलून घेऊन गेली. आधारकार्ड त्यातच होतं. बेघरांच्या निवाऱ्यात का जात नाहीस, हे मी विचारलंच. म्हणाली, "तिथनं पहाटे तीनला बाजारात कशी पोचू?"

म्हणजे पोट जिथं, अंथरूण तिथंच. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या पदपथावरच्या माणसांबद्दल हे मान्य केलं होतं: उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पदपथावर राहण्याचा हक्क मात्र मानला नाही. पावसाळ्यात हलवू नका, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा, असं सांगितलं.

उपासनेनंतर मी चर्चच्या पंच कमिटीपुढे संडास उघडा ठेवायचा विषय काढला. ते म्हणाले, घाण होईल, उद्या सगळेच येतील, मंडळीतल्या बायकांना अडचण होईल. यातलं काहीच खोटं नाही. साफसफाईला माणूस लागेल, पैसे लागतील. पण नाताळात पुलावाची पाकिटं वाटायला आम्ही पैसे उभे करतोच की! इतकी वर्षं मीही ती वाटली, आणि तिला काय हवंय हे एकदाही विचारलं नाही. बायबलात मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेल्याला जेवण आहे, तान्हेल्याला पाणी आहे, आणि परक्याला घरात घेणंही आहे. पहिली दोन आम्ही फाटकाबाहेर उरकतो. तिसरं फाटकाबाहेर करताच येत नाही. येशूच्या जन्माच्या वेळी उतारशाळेत जागा नव्हती, हे दर नाताळात आमची मुलं नाटकात दाखवतात. गव्हाण मांडतो ती याच कुलूपबंद दाराशेजारी. आज ते आठवून मला रडू आलं.

शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "पावसाळ्यापुरतं पहाटे चार ते सात उघडू." पुन्हा पावसाळ्यापुरतंच. मी तूर्त हो म्हटलं, पण पुढच्या बैठकीत हा विषय पुन्हा मांडणार आहे. धुण्याची पाळी आठवड्यातून दोन दिवस माझी. आणखी तिघीजणी तयार झाल्यात. उद्या सुट्टी टाकून मावशीबरोबर आधार केंद्रावर जायचंय. पत्ता विचारतील तेव्हा काय लिहायचं, हे पाळकसाहेबांना सकाळी फोन करून विचारते.