सगळ्यांना सारखंच वागवतो, मग वेगळं काय करायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. व्यसनमुक्ती केंद्रांतल्या डॉक्टरांच्या, समुपदेशकांच्या प्रशिक्षणात गे, लेस्बियन, ट्रान्स पेशंटचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो: "मॅडम, आम्ही सगळ्या पेशंटना सारखंच वागवतो. दारू ती दारूच. मग यांच्यासाठी वेगळं काय करायचं?" विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. आपण भेदभाव करत नाही, हेच त्याला सांगायचं असतं. पण आपल्याकडचं हे "सारखं" लग्न झालेल्या, बायको-मुलं असलेल्या पुरुषाच्या मापाने बेतलेलं आहे. त्या मापात न बसणाऱ्याला आपल्या दारात पाऊल ठेवल्यापासून खोटं बोलावं लागतं. आणि खोटं बोलत राहून कुणाची दारू टिकाऊपणे सुटलेली मी पाहिलेली नाही.

दाखल करून घेतानाचा केस पेपर काढून बघा. स्त्री की पुरुष, विवाहित की अविवाहित, पत्नीचं नाव. पस्तिशीतला माणूस "अविवाहित" म्हणाला की लिहिणारा मान वर करून विचारतो, "का हो, दारूमुळे राहिलं का?" पेशंट "हो" म्हणून मोकळा होतो. मग तीच गोष्ट ग्रुपमध्ये, तीच घरच्यांबरोबरच्या बैठकीत. माझ्याकडचा एक तरुण मुक्कामभर एका मुलीबद्दल सांगत होता. ती सोडून गेली, तिच्या घरच्यांनी तिचं लग्न लावून दिलं, तेव्हापासून पिणं हाताबाहेर गेलं. ग्रुपमधल्या दोघातिघांच्या डोळ्यांत पाणी आलं. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी तो खोलीत आला आणि म्हणाला, "मॅडम, मुलगी नव्हती." सगळ्यांनी जी माया केली ती आपल्यावर नव्हतीच, असं त्याला वाटत होतं. त्याला मी काय चूक म्हणणार होते?

दुसऱ्या एकाची वही आठवते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटांच्या) बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमात चौथ्या पायरीला स्वतःची निर्भीड झडती घ्यायची असते. त्याने आपल्या दोषांच्या यादीत खोटेपणा, उधारी, आईला मारलेला धक्का यांच्या वर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, "पुरुष आवडतात." वही वाचणाऱ्या कार्यकर्त्याने शेजारी लाल शाईत लिहिलं होतं, "प्रयत्न चालू ठेवा." तो कार्यकर्ता अतिशय भला माणूस आहे. पण त्या तीन शब्दांनी पेशंटला सांगितलं की तू दारू सोडलीस तरी दोषी राहणारच आहेस. मग सोडायची कशाला?

"या लोकांत व्यसन जास्त असतं का?" हा जोडप्रश्नही येतो. अमेरिकेच्या अमली पदार्थांच्या सेवनाबद्दलच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 2015 पासून लैंगिक कलाबद्दल, म्हणजे कुणाचं आकर्षण वाटतं याबद्दल, विचारायला लागले. त्या वर्षी गे, लेस्बियन, बायसेक्शुअल प्रौढांपैकी 39.1 टक्क्यांनी वर्षभरात अमली पदार्थ घेतल्याचं सांगितलं, इतरांत हे प्रमाण 17.1 टक्के होतं. हा आकडा सेवनाचा आहे, व्यसनाधीनतेचा नाही, आणि तो तिकडचा आहे. पुण्या-नागपुराला जसाच्या तसा लावू नका. आपल्याकडच्या, 2019 साली आलेल्या एम्सच्या सर्वेक्षणातली एक ओळ मला जास्त बोचते: दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळतो. या रांगेत आपली ओळख लपवून उभा असलेल्याचा नंबर कधी लागायचा?

कारण मात्र इकडे-तिकडे सारखंच दिसतं. इलान मायर या संशोधकाने 2003 साली "अल्पसंख्याक ताणा"ची मांडणी केली. हिणवलं जाणं, हिणवलं जाईल म्हणून सतत सावध असणं, लपवणं, आणि लोक म्हणतात ते हळूहळू स्वतःलाच पटू लागणं, या सगळ्याचा साठत जाणारा ताण. म्हणजे व्यसनाचं मूळ कलात नाही, त्या कलाला मिळणाऱ्या वागणुकीत आहे. 6 सप्टेंबर 2018 पर्यंत तर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या 377 कलमाची भीती होती. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, पण "घरी सांगेन, पैसे टाक" म्हणणारे अजून आहेत.

आणि आपल्याकडचा खास इलाज: "लग्न लावून द्या, सुटेल दारू." या एका वाक्याने किती घरं मोडली! समलिंगी मुलाला बोहल्यावर चढवलं की त्याचं पिणं वाढतं. आणि एक मुलगी, जिचा यात काडीचाही दोष नाही, पत्नींच्या गटात येऊन विचारते, "माझ्यात काय कमी आहे, मॅडम?" तिच्यासाठी माझा जीव जास्त तुटतो. तिचा नवरा वॉर्डात खरं बोलू शकला असता, तर तिलाही कधीतरी खरं कळायची वाट उघडली असती.

पुन्हा पिण्याचा धोका कुठे आहे हे शोधताना आपण पगाराचा दिवस, हळद, वाटेवरचा बार असं सगळं विचारतो. शरीरसंबंधाबद्दल विचारत नाही. अनेक गे पुरुषांनी शुद्धीत असताना कधी कुणाला जवळच केलेलं नसतं. लाज आणि भीती गिळायला आधी दोन पेग लागतात. अशा माणसाला "दारू सोड" म्हणताना आपण नकळत "जवळीकही सोड" म्हणत असतो. त्याच्याशी बसून बोलावं लागतं: पहिल्यांदा शुद्धीत भेटशील तेव्हा काय वाटेल, घाबरलास तर कुणाला फोन करशील? मोठ्या शहरांत ग्राइंडरसारख्या, गे पुरुषांच्या भेटीगाठींच्या अ‍ॅपवर "हाय फन"ची आमंत्रणं येतात, म्हणजे एमडी घेऊन संबंध. एमडी म्हणजे मेफेड्रोन, तो 2015 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आला. असा पेशंट आला तर एचआयव्हीची चाचणी, संमती, सुया यांबद्दल स्पष्ट बोला. पोलिसांच्या धास्तीने तो गप्प असेल तर त्याला याच कायद्याचं कलम 64अ सांगा: अल्प प्रमाणातल्या प्रकरणात स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण आहे.

ट्रान्स पेशंटच्या बाबतीत पहिला वाद कोणत्या वॉर्डात ठेवायचं याचा. आधी त्या व्यक्तीला विचारा, तिला सुरक्षित कुठे वाटतं ते. नावही ती सांगेल तेच, रात्रपाळीच्या मावशींपर्यंत सगळ्यांनी तेच वापरायचं. हार्मोन्स चालू असतील तर दाखल होताच पिशवीतून काढून घेऊ नका. लिव्हरच्या तपासण्या करा आणि ती औषधं जाणणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. नातेवाईक म्हणून गुरू, म्हणजे तृतीयपंथी समाजात तिला सांभाळणारी वडीलधारी, आली तर तिला बाहेरच्या बाकावर बसवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रासही येतात, आणि त्याच्या कलम 14 प्रमाणे साध्या कागदावर सही किंवा अंगठा देऊन कुठल्याही सज्ञान माणसाला आपला प्रतिनिधी नेमता येतं. रक्ताचं नातं असायलाच हवं, असं त्यात नाही.

एक गोष्ट ठणकावून सांगते. दारूचा थेंब न पिणाऱ्या मुलीला "व्यसनी" म्हणून आणतात आणि हळूच सांगतात, "मैत्रिणीचं खूळ काढा." अशी भरती घ्यायची नाही. कल बदलण्याचा "उपचार" करणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.

उलट टोकही नको. समोरचा गे आहे कळलं की दर सत्रात तेच उकरून काढणारे समुपदेशकही मी पाहिलेत. पुष्कळांच्या पिण्यामागे बापाचं पिणं असतं, बुडालेला धंदा असतो. त्याला झोप कशी लागते, हात थरथरतात का, कर्ज किती, हे सगळं विचारायचंच आहे.

मग विचारायचं कसं? विड्रॉल, म्हणजे दारू तोडल्यावरचा त्रास, ओसरल्यावर, दार लावून, आणि सगळ्याच पेशंटना: "तुमच्या जवळचं कोण आहे? पुरुष, बाई, कुणीही असेल. सांगायलाच हवं असं नाही. सांगितलंत तर तुमच्या परवानगीशिवाय घरी कळणार नाही." आणि हा शब्द पाळा, गोपनीयता हा मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे.

फॉलोअपचं नियोजन करताना संध्याकाळचा विचार करा. ज्यांच्यासमोर लपवावं लागत नाही ते त्याचे सगळे मित्र पिणारे असतात, आणि न पिणाऱ्यांमध्ये बसलं की पुन्हा लपवणं आलं. मुंबईत 1994 पासून गे, ट्रान्स लोकांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट आहे, पुण्यात समपथिक ट्रस्टने हे काम उभं केलं. अशा संस्थांशी आपल्या केंद्राची ओळख आधीच करून ठेवा, म्हणजे डिस्चार्जच्या दिवशी नुसता पत्ता हातात न देता पहिल्या भेटीला कुणीतरी त्याच्यासोबत जाऊ शकेल.