टॉर्कचा आकडा एकट्याने वाचू नका

रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० च्या माहितीपत्रकात टॉर्क २७ न्यूटन मीटर लिहिलेला असतो, यामाहा आर१५ व्ही४ च्या पत्रकात १४.२. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘क्लासिकमध्ये दुप्पट दम’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते अर्धं खरं आहे. कुठलं अर्धं, ते कळायला त्याच ओळीतला दुसरा आकडा वाचावा लागतो: २७ मिळतात ४००० आरपीएमला (आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे), १४.२ मिळतात ७५०० ला.

टॉर्क म्हणजे क्रँकला (पिस्टनचं वर-खाली होणं गोल फिरण्यात बदलणाऱ्या भागाला) बसणारा पीळ. तो पीळ मिनिटाला किती वेळा फिरतो हे धरलं की पॉवर निघते. सूत्र सोपं आहे: न्यूटन मीटर गुणिले आरपीएम, भागिले ७०२४, उत्तर पीएसमध्ये (पॉवर मोजायचं एकक). पत्रकात बीएचपी हे दुसरं एकक असेल तर त्याला १.०१४ ने गुणून पीएस करून घ्या, नाहीतर तुलना चुकते.

आता करा हिशोब. क्लासिक, ४००० वर: २७ × ४००० ÷ ७०२४ = १५.४ पीएस. आर१५, ७५०० वर: १४.२ × ७५०० ÷ ७०२४ = १५.२ पीएस. जवळपास सारखेच! मागच्या चाकाला इंजिनाचा टॉर्क कळत नाही. चाकाशी येणारा रेटा म्हणजे पॉवर भागिले गाडीचा वेग. ताशी ६० वर १५ पीएस कुठल्याही इंजिनातून आले तरी रेटा सुमारे ६६० न्यूटनच, त्यातून चेन आणि गिअरबॉक्समध्ये जाणारे १० ते १५ टक्के वजा. आर१५ चं इंजिन जवळपास दुप्पट फिरतं, गिअर ते फिरणं कमी करून पीळ वाढवतात, आणि हिशोब बरोबरीत सुटतो.

मग क्लासिकवाले खोटं बोलतात का? नाही. दोन्ही गाड्या ४००० वर आणा. आर१५ ने तिथेही आपला सगळा १४.२ दिला असं गृहीत धरलं (देत नाही, पण धरू) तरी ८.१ पीएसच भरतात. म्हणजे क्लासिकच्या निम्मे. वरच्या गिअरमध्ये निवांत चालताना मूठ पिळली की क्लासिक जागची ओढते आणि आर१५ ला आधी दोन गिअर खाली यावं लागतं, ते यामुळे. फरक दमाचा नाही, दम कुठल्या आरपीएमला ठेवलाय याचा आहे.

इथे एक गैरसमज हटकून येतो: लांब स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) म्हणजे जास्त टॉर्क, कारण क्रँकचा दांडा लांब. दांडा लांब असतो हे खरं, पण तेवढ्याच सीसीत स्ट्रोक वाढवला की बोअर (सिलिंडरचा व्यास) घटतो, पिस्टनचं तोंड लहान होतं आणि त्यावरचा जोरही कमी होतो. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. टॉर्क ठरतो तो मुख्यतः सीसीवर, सिलिंडर किती नीट भरतो यावर आणि कॉम्प्रेशनवर (आतलं मिश्रण किती दाबलं जातं यावर). पटत नसेल तर टॉर्कला लिटरने भागा. क्लासिक, बोअर ७२ आणि स्ट्रोक ८५.८ मिलिमीटर: लिटरमागे ७७ न्यूटन मीटर. आर१५: ९२. जुनी ३७३ सीसीची केटीएम ३९० ड्यूक, बोअर ८९ आणि स्ट्रोक फक्त ६०: ९९. सगळ्यात लांब स्ट्रोकवालीच यात शेवटची.

लांब स्ट्रोक करतो ते वेगळंच काम: आरपीएमला लगाम घालतो. पिस्टनचा सरासरी वेग म्हणजे स्ट्रोक गुणिले दोन गुणिले आरपीएम, भागिले ६०. क्लासिक ६१०० वर २०.५ पीएसची कमाल गाठते, तेव्हा हा वेग सेकंदाला साडेसतरा मीटर असतो. तेच इंजिन १०,००० ला नेलं तर साडेअठ्ठावीस होईल. बीएमडब्ल्यू एस१०००आरआरचा पिस्टनसुद्धा १३,५०० वर साडेबावीसच्या आसपास असतो, कारण तिचा स्ट्रोक ४९.७ मिलिमीटरच आहे. जास्त फिरवायचंच नसेल तर कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) वेळ आणि इनटेकची (हवा आत नेणाऱ्या नळीची) लांबी खालच्या आरपीएमसाठी जुळवता येते. ‘लाँग स्ट्रोकचा टॉर्क’ म्हणतात तो खरा इथून येतो. उलट, वरच्या आरपीएमसाठी जुळवलेलं इंजिन खाली नीट भरत नाही. आर१५ मध्ये सुमारे ७४०० ला इनटेकचा कॅम बदलतो, तो दोन्हीकडचं थोडं थोडं मिळावं म्हणून.

मोठ्या गाड्यांत हेच चित्र ठळक दिसतं. ट्रायम्फ रॉकेट ३ (२०१९ ची): २४५८ सीसी, ४००० ला २२१ न्यूटन मीटर, ६००० ला १६७ पीएस. एस१०००आरआर (२०१९ ची): ११,००० ला ११३ न्यूटन मीटर, १३,५०० ला २०७ पीएस. टॉर्क निम्मा, पॉवर ४० पीएस जास्त, आणि वजन शंभरेक किलोंनी कमी. तरी रॉकेट ४००० वर १२६ पीएस देऊन मोकळी होते, तिथे बीएमडब्ल्यूला कितीही सूट दिली तरी ६४ च्या वर जाता येत नाही.

गुळगुळीत चालणं म्हणजेही टॉर्क नव्हे. एक सिलिंडरचं इंजिन १५०० आरपीएमला सेकंदाला साडेबाराच ठोके देतं, चार सिलिंडरचं ५०. म्हणून चार सिलिंडरची गाडी खाली रेंगाळली तरी झटके खात नाही, आणि लोकांना वाटतं तिच्यात खालचा दम आहे. मूठ पिळून बघा, काही होत नाही. डोंगरवाटेच्या गाड्यांत जड फ्लायव्हील (क्रँकबरोबर फिरणारं वजनदार चाक) असतं, तेही टॉर्क वाढवत नाही. फक्त इंजिन पटकन बंद पडू देत नाही. दगडांतून हळू जाताना मात्र त्याचीच किंमत कळते.

चालवताना याचा उपयोग असा. गिअर वर टाकताना पुढच्या गिअरमध्ये सुई टॉर्कच्या शिखराखाली पडू नये. दोन गिअरमध्ये ३० टक्के अंतर धरलं तर क्लासिक ६१०० वरून ४२७० वर येते, शिखर ४००० ला, म्हणजे ठीक. आर१५ ला तेवढं अंतर दिलं तर १०,००० वरून ७००० वर आपटेल, शिखराच्या खाली. म्हणून क्लासिकला पाच गिअर पुरतात आणि आर१५ ला जवळजवळ लावलेले सहा लागतात. ओव्हरटेक करायच्या आधी गिअर खाली टाका, मूठ नंतर. ‘टॉर्कवाली गाडी आहे, ओढेल’ म्हणून टॉप गिअरमध्ये १५०० वर मूठ पूर्ण उघडली तर इंजिन नॉक करतं (आतून ठकठक येते) आणि प्रत्येक ठोका चेनवर आणि मागच्या हबमधल्या रबरांवर बसतो. चढावर, डबल सीट, हे रोज केलं की ती रबरं चेपतात आणि मूठ सोडता-उघडताना मागून खटखट यायला लागते.

ओढ वाढवायचा स्वस्त मार्ग म्हणजे पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) एका दाताने लहान करणं. १५ चं १४ केलं तर चाकाचा पीळ ७ टक्के वाढतो आणि त्याच आरपीएमला वेग जवळपास तेवढाच घटतो. पॉवर मात्र तीच राहते. चेनला जास्त वळावं लागतं, ती लवकर झिजते, आणि काही गाड्यांत स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या भागावरच्या) पट्टीला घासते. बसवल्यावर चाक हाताने फिरवून बघा. स्पीडोमीटरचा सेन्सर गिअरबॉक्सकडे असेल तर तो खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवेल, पुढच्या चाकावर असेल तर काही फरक नाही. हाच परिणाम मागून हवा असेल तर ४५ चं ४८ करा, पण मग चेन आखूड पडू शकते, तेव्हा आधी कड्या मोजून घ्या.