स्टीव्ह परत येतोय

दादाला नव्या ‘ॲव्हेंजर्स’चा टीझर पाठवला होता. त्याचा मेसेज आला, ‘मी नाही बघणार. माझं तेव्हाच संपलं.’ बस, एवढंच. खाली नेहमीसारखं ‘छोटीला पापा दे’ पण नाही.

सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय. दुपारी वहिनीकडे जेवायला गेले, तिने मुद्दाम माझ्यासाठी भरीत केलं होतं, तेही धड चवीने खाल्लं नाही. ती विचारत होती काय झालं म्हणून. सांगितलं नाही. दादाचा विषय निघाला की मग बाकीचंही निघतं, आणि ते आज नको होतं. पण मला वाईट वाटतंय आणि नेमकं कशाचं ते उलगडत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

टीझर स्टीव्हचा, म्हणजे मार्व्हलच्या सुपरहिरो पिक्चरमधल्या कॅप्टन अमेरिकाचा. डिसेंबरात ‘अवतार’च्या तिसऱ्या भागाआधी थिएटरात दाखवायला लागले, मग नाताळच्या तोंडावर नेटवरही आला. तो मोटारसायकलवरून गावाकडच्या एका घरी येतो, जुना निळा सूट काढून हातात घेतो, त्याच्याकडे बघत राहतो. मग तान्हं बाळ कुशीत घेतो. मागे पियानोवर ॲव्हेंजर्सची धून, अगदी सावकाश. आणि अक्षरं उमटतात की स्टीव्ह रॉजर्स ‘ॲव्हेंजर्स: डूम्सडे’मध्ये परत येणार. संपलं.

मी आनंदाने ओरडायला हवं होतं. घशात आवंढा आला, पण तो आनंदाचा नव्हता. अरे, तुला तर आम्ही निरोप देऊन आलो होतो, हे पहिलं मनात आलं.

‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’चा तो एप्रिल आठवतो. २०१९. उकाडा मरणाचा, पहाटेचे शोसुद्धा भरलेले, आणि पिक्चर तीन तास एक मिनिटाचा. टोनी, म्हणजे आयर्न मॅन, गेला तेव्हा हॉलमध्ये एक बाई मोठ्याने हुंदके देत होती आणि तिला कोणी हसलं नाही. शेवटी म्हातारा स्टीव्ह तळ्याकाठच्या बाकावर बसलेला, ढाल मित्राच्या, सॅमच्या हातात देतो. मग त्याच्या जुन्या प्रेमाबरोबरचा, पेगीबरोबरचा तो नाच. मी दादाकडे बघितलं नाही, कारण त्याला बघायला नको होतं हे मला कळत होतं. नावं सरकून गेल्यावर पुढच्या पिक्चरची काही झलक असेल म्हणून सगळे थांबले होते. झलक नव्हतीच. फक्त लोखंडावर हातोडा पडल्याचा आवाज आला, टोनीने पहिल्या पिक्चरमध्ये गुहेत सूट घडवला होता तो. दादा तेव्हा म्हणाला, असं संपवायला पाहिजे. पार्किंगपर्यंत आम्ही पुढे काहीच बोललो नाही.

मग आता परत कशाला?

हा प्रश्न मी दिवसभर मलाच विचारतेय. परत आला तर बिघडलं काय? आवडता माणूस परत येतोय, ख्रिस इव्हान्सच येतोय, दुसरा कोणी नाही. पण मला त्या हॉलमधलं आमचं रडणं आठवतं आणि वाटतं, ते कोणी तरी हळूच खोडून टाकतंय. आपण एखाद्या गोष्टीसाठी मनापासून दुःख केलेलं असतं. नंतर कळतं की ते तात्पुरतं होतं. मग त्या दुःखाचं काय करायचं?

अमेरिकेत जे कॉमिक्स वाचत मोठे झाले त्यांना हे नवीन नाही. सुपरमॅन १९९२ च्या नोव्हेंबरात मेला आणि पुढच्याच वर्षी परत आला. खुद्द कॅप्टन अमेरिका २००७ मध्ये कॉमिकमध्ये गोळ्या लागून मेला आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा ढाल घेऊन उभा. त्यांच्याकडे मरण म्हणजे मोठी रजा, हे वाचकाला आधीपासून माहीत असतं. आम्ही त्या रस्त्याने आलोच नाही. आमच्या गल्लीतल्या वाचनालयात ही कॉमिक्स नव्हती. आम्ही थेट २००८ च्या ‘आयर्न मॅन’पासून आत शिरलो, आणि पडद्यावर माणूस मेला म्हणजे मेला, असं धरून चाललो. आणि त्यांनीही अकरा वर्षं आम्हाला तसंच वाटू दिलं. थॉरचा कपटी भाऊ लोकी मरून परत यायचा, पण तो लोकी होता, त्याच्यावर कोणाचा विश्वास होता? स्टीव्हवर होता.

‘लोगन’चंही, म्हणजे ह्यू जॅकमनच्या वुल्व्हरिनचंही, असंच झालं. २०१७ मध्ये तो मेला तेव्हा त्या मुलीने कबरीवरचा क्रॉस उपटून तिरका रोवला होता, तो एक्स झाला होता, आणि मला त्या क्षणाबद्दल कधीच कोणाशी बोलता आलं नाही. २०२४ मध्ये डेडपूलने पिक्चरच्या सुरुवातीलाच तीच कबर उकरली. हॉल हसत होता. मीही बघितला पूर्ण, ह्यू जॅकमनला पिवळ्या सूटमध्ये बघून शिट्ट्यांत शिट्टी मिसळली. पण घरी आल्यावर जुना ‘लोगन’ लावावासा वाटला नाही. अजूनही वाटत नाही.

आणि टोनी. टोनी परत येत नाहीये, टोनीचा चेहरा परत येतोय. २०२४ च्या जुलैत सॅन दिएगोला हिरव्या झग्यातला एक माणूस स्टेजवर उभा राहिला, मुखवटा काढला तर आत रॉबर्ट डाउनी, आमचा टोनी. आता तो खलनायक, डॉक्टर डूम. त्याआधीचा बेत कँग नावाच्या खलनायकाचा होता, तो नट खटल्यात दोषी ठरला आणि बेतच गुंडाळला, हे सगळं समजतं मला. पडती बाजू सावरायला जुनी माणसं बोलवावी लागतात हेही समजतं. ‘एंडगेम’ने जगभरात २७९ कोटी डॉलर मिळवले आणि ‘थंडरबोल्ट्स’ने त्याचा सातवा हिस्साही नाही, हे आकडे समोर असल्यावर दुसरं काय करणार? समजलं तरी सुखावत नाही.

‘थंडरबोल्ट्स’चं मला जास्तच लागतं. गेल्या वर्षीचा सगळ्यात खरा पिक्चर तो होता. येलेना क्वालालंपूरच्या त्या टॉवरच्या कडेला उभी असते, मर्डेका ११८, जगातला दुसऱ्या क्रमांकाचा उंच, आणि उडी मारताना तिच्या आवाजात भीती नाही की मजा नाही. नुसता कंटाळा आहे, आतून रिकामं झालेल्या माणसाचा. फ्लोरेन्स प्यूने ती उडी स्वतः मारली. बहीण गेल्यापासून येलेना अशीच आहे. कामावर जाते, काम करते, घरी येते. मला माहीत आहे ते कसं असतं. त्या काळात मीही ऑफिसला एकही दिवस न चुकवता जात होते आणि सगळे म्हणायचे, किती छान सावरली आहेस.

तर येलेना. तिचं दुःख आपल्याला पटतं, कारण तिची बहीण नताशा परत आलेली नाही. ‘एंडगेम’मध्ये व्हॉर्मिरच्या कड्यावरून पडली ती पडली. २०२५ च्या मार्चमध्ये ‘डूम्सडे’तल्या नटांच्या नावांच्या त्या खुर्च्यांचं प्रक्षेपण झालं, पाच तासांहून जास्त वेळ एकेक खुर्ची, एकेक नाव, तेव्हा मी काम बाजूला ठेवून बघत होते आणि प्रत्येक नव्या खुर्चीला मनात म्हणत होते, नताशा करणारी स्कार्लेट जोहान्सन नको. मला नताशा सगळ्यांत आवडायची, तरीही. ती आली तर येलेनाचा तो संपूर्ण पिक्चर, ते बॉबला सगळ्यांनी धरून ठेवणं, त्याच्यातल्या अंधाराच्या, ‘व्हॉइड’च्या त्या काळ्या खोल्या, सगळं फुकट गेलं असतं. तिचं नाव आलं नाही. स्टीव्हचंही आलं नव्हतं. त्या रात्री मला शांत झोप लागली होती.

एकाच बाबतीत त्यांनी शब्द पाळला. ‘ब्लॅक पँथर’मधला टीचाला, चॅडविक बोसमन, २०२० च्या ऑगस्टमध्ये गेला, आणि त्यांनी दुसरा टीचाला आणला नाही. पुढच्या ‘ब्लॅक पँथर’मध्ये टीचाला मेलेलाच होता. सुरुवातीच्या त्या चित्रचौकटींत फक्त तो होता, आणि संगीत नव्हतं. पूर्ण हॉल गप्प. तिथे खरं मरण होतं, म्हणून खोटं परत येणं नव्हतं. मला वाटतं, मी तेव्हापासून बाकीच्यांकडूनही तेवढीच अपेक्षा धरून बसले.

हे लिहिताना मला माझीच कीव येतेय. दादा तिकडे, संपलं म्हणून मोकळा. ज्यांच्याबरोबर मी हे सगळं बघितलं त्यातलं कोणीच आता बघत नाही. एक संसारात, एक परदेशात, एक बोलत नाही. मीच एकटी दर आठवड्याला नवा टीझर आला की रात्री दिवा मालवून बघते, थॉर गुडघे टेकून बापाची करुणा भाकतो तेव्हा डोळे पुसते, एक्स-मेनचा तो पडका वाडा आणि बुद्धिबळाचा पट दिसला की उठून बसते, आणि मग कोणाला पाठवावं ते सुचत नाही. तरी पाठवते. आणि उत्तर येतं, माझं तेव्हाच संपलं.

मघाशी जेवण झाल्यावर टीझर पुन्हा लावला, कानात हेडफोन घालून.

आणि बाळाकडे नीट बघितलं. ते बाळ त्या नाचानंतरचं आहे. म्हणजे स्टीव्ह पेगीकडे राहिला, घर केलं, पोर झालं. आणि तळ्याकाठचा म्हातारा अजून पुढे आहे. तो त्याच्या आयुष्यात यायचाच आहे. त्या बाकावर सॅमने त्याला विचारलं होतं, तिच्याबद्दल सांगणार का, तेव्हा म्हाताऱ्याने हसून नाही म्हटलं होतं. इतकी वर्षं मला वाटायचं की तो त्याचा खासगी आनंद आहे म्हणून सांगत नाही. आता वाटतंय, त्या मधल्या वर्षांत एक लढाई असेल. बाळाला पाळण्यात ठेवून गेला असेल. परत आल्यावर कोणाला सांगितलं नसेल. मग ढाल देणं तसंच राहतं, नाचही राहतो. आम्ही रडलो ते शेवटच्या पानासाठीच रडलो, ते पान जागेवर आहे. मधली काही पानं आम्हाला दाखवली नव्हती एवढंच.

हे दिग्दर्शकांनी असं ठरवलंय की नाही, देव जाणे. रूसो बंधूंनीच ‘एंडगेम’ केला होता, त्यांना तो बाक आठवत असणार एवढा माझा विश्वास आहे. पिक्चर येईल १८ डिसेंबरला, तोवर मी हे असंच धरून चालणार. आणि दादाचंही बरोबर आहे. ‘एंडगेम’ला थांबता येतं. तो पिक्चर तसाच बांधलेला आहे, तिथे उतरणाऱ्या माणसाचं काही राहून जात नाही. तो उतरला. मला उतरायचं नाहीये, आणि त्यासाठी त्याने माझ्या शेजारी बसलंच पाहिजे असं नाही. हे मान्य करायला संध्याकाळ झाली, पण झालं.

शिवाय छोटी आहे. जुलैत तिला ‘सुपरमॅन’ला नेलं होतं. तिला त्यातलं राजकारण कळलं नाही, पण एवढा मोठा राक्षस शहर तुडवत असताना तो एका खारीला उचलून बाजूला ठेवतो, ते कळलं. घरी येऊन तिने वहिनीला आधी खारीचं सांगितलं, मग क्रिप्टो कुत्र्याचं, आणि उडण्याचं सगळ्यात शेवटी. आपल्याकडे सेन्सॉरने त्यातलं चुंबनाचं दृश्य ३३ सेकंदांनी कापलं होतं, लोइस आणि तो हवेत असतानाचं, त्याचा मला अजून संताप आहे. इतकं निर्मळ दृश्य. पण शेवट शाबूत होता. यंत्रमानव त्याला त्याच्या लहानपणीचे व्हिडिओ लावून देतात, कॅन्ससचे आईबाप, शेत, अंगण, आणि तो नुसता बघत बसतो. छोटी माझ्या हाताला घट्ट धरून होती. डेव्हिड कोरेनस्वेट तिचा सुपरमॅन आहे. तिला आधीचे कोणी माहीत नाहीत आणि त्यांची उणीवही नाही. नवा माणूस जुना झगा घालतो तेव्हा मला कधीच त्रास झाला नाही, हे मला त्या दिवशी तिच्याकडे बघून जाणवलं होतं. संगीत नाटकांत आजोबा हेच करायचे, नवा कृष्ण बघायला जायचे आणि जुन्याच्या आठवणी काढत पण नव्याला दादही देत परत यायचे.

आज दुपारी तिने माझ्या फोनवर तो टीझर बघितला. विचारलं, हा कोण? मी म्हटलं, स्टीव्ह. म्हणे, चांगला आहे का? मी म्हटलं, खूप. मग तिने हिरव्या झग्यातल्या डूमचं चित्र बघितलं आणि विचारलं, आणि हा? मला उत्तर देता आलं नाही. कारण आत्ता सांगितलं तर तिच्यासाठी तो चेहरा कायमचा डूमचा होणार. नंतर कधी तिने टोनीला बघितलं, तर तिला आधी भीती वाटेल.

ते मला नको आहे. तिने आधी टोनीवर जीव टाकावा. त्याचा चढेलपणा बघावा, गुहा बघावी, पीटरला, म्हणजे स्पायडरमॅनला, मिठी मारतो ते बघावं, आणि जिच्यात त्याचा जीव जातो ती चुटकी बघून रडावं. मग डिसेंबरात तोच माणूस मुखवटा काढेल तेव्हा तिला कळेल काय हिरावून घेतलंय आणि काय परत दिलंय. दुखेल तिला. दुखू दे. तिच्या शेजारी मी असणार आहे.

वहिनीला आत्ताच विचारून ठेवलं, शनिवारी छोटीला माझ्याकडे पाठव, रात्री इथेच झोपेल. ‘आयर्न मॅन’पासून सुरू करतोय. मे महिन्याच्या सुट्टीत बरेच उरकतील, दोन-तीन गाळले तरी चालतील, ‘एंडगेम’ मात्र दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवायचा.