केटे ड्रम, भाग 4: फुंदे एकदाचा बसला

बसला! मी घरी डान्सहॉलचा (जमैकाचं नाचाचं संगीत) एक रिदम बनवतोय, म्हणजे अनेक गायक ज्यावर गातात तो वाद्यांचा ट्रॅक. त्यात न्याबिंगीचे, म्हणजे जमैकातल्या रास्ताफारी पंथाच्या प्रार्थनेतले, तीन ढोल घालतोय: जाड बेस, ठेका धरणारा फुंदे आणि वर मोकळा वाजणारा केटे. तीन रविवार खाल्ले, पण फुंदे बसला.

मागच्या भागातली रड आठवत असेल: किक (ड्रमसेटचा पायाने वाजणारा ढोल) आणि न्याबिंगीचे ढोल एकत्र आले की नुसता चिखल. जमैकन निर्माता बॉबी डिजिटलच्या 1995 च्या 'केटे ड्रम' रिदमवर बीनी मॅन आणि डिटरमिन हे गायक तालावर बोलत असतात तेव्हा खालचा ढोलन् ढोल वेगळा ऐकू येतो. माझ्याकडे मात्र पोतं आपटल्यासारखा आवाज.

आधी वाटलं, दोष टायमिंगचा. डान्सहॉलची किक 3-3-2 वर (आठ मात्रा अशा तोडून) चालणार, फुंदे काळजाच्या ठोक्यासारखा: दोन टोले, मग विराम. क्वांटाइझ केला (संगणकाने टोले काटेकोर जागी बसवले) तर मेल्यासारखा वाजतो, मोकळा सोडला तर झिंगल्यासारखा. 12 मिलिसेकंद मागे ओढला, चिखल तसाच. ईक्यूत (आवाजाचे उंच-खाली सूर कमीजास्त करणारं साधन) खालचं कापलं तर ढोलातला जीवच गेला.

बुधवारी रात्री वैतागून बाकी सगळं म्यूट केलं आणि एकटा बेस ढोल ऐकला. टोल्याची शेपटी थेट पुढच्या किकवर लोंबत होती! फुंदे बिचारा निर्दोष. विकत घेतलेल्या सॅम्पल पॅकमध्ये (तयार आवाजांचा संच) सगळे टोले उघडेच, मोकळे घुमणारे. दाबलेला एकही नाही. पैसे पाण्यात. मग फ्लोअर टॉम (ड्रमसेटमधला मोठा ढोल) काढला, काठीला जुना मोजा गुंडाळला. पहिला टोला उघडा, दुसऱ्याला डावा तळवा कातड्यावर. थड्ड... दुप्. किकला श्वास मिळाला, फुंदे आपोआप जागेवर. शेजारच्या काकूंनी विचारलंच, गणपती लवकर आले का?

जमैकन निर्माता प्रिन्स जॅमीच्या स्टुडिओत 1985 साली कॅसिओ एमटी-40 या कीबोर्डच्या तयार ठेक्यावर 'स्लेंग टेंग' हा रिदम झाला, आणि बॉबीही पुढे त्याच स्टुडिओत इंजिनिअर होता, म्हणजे यंत्रावरही रिदम होतो, सगळं कबूल. पण न्याबिंगीला हातच लागतो.

आता गायक. माझे तिघेही माझ्या याच रिदमवर: पहिल्याचं स्तोत्र, दुसऱ्याचे आभार, तिसरा देवाशी चक्क भांडतोय. शनिवारी केटे वाजवून तिघांना ट्रॅक पाठवायचा बेत होता. पण हे लिहिता लिहिताच खटकलं: केटे हा बोलणारा ढोल, तो शब्दांवर शब्द कसा टाकेल? भांडणाऱ्याला उत्तर वेगळं, आभार मानणाऱ्याला वेगळं. म्हणजे आधी आवाज, मग प्रत्येकाच्या ओळींच्या फटीत त्याचा त्याचा केटे. तीन टेक. काकूंना आधीच सांगून ठेवतो.