नागपूरला गाणं ऐकायला जाताना: वसंतराव देशपांडे समारोहाचे तीन दिवस

अकोल्याहून नागपूरची गाडी धरली की पाऊण तासाच्या आत मूर्तिजापूर येतं. बाकीच्यांसाठी ते अरुंद रुळांच्या शकुंतला रेल्वेचं जुनं जंक्शन, माझ्यासाठी गायक वसंतराव देशपांड्यांचं जन्मगाव. २ मे १९२० ला ते इथे जन्मले, लहानपणीच नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे गाणं शिकायला लागले. त्यामुळे त्यांच्या स्मृतिसमारोहाला जाताना मूर्तिजापूरवरून जायचं, हे मी मनाशी धरून ठेवलं होतं. फलाटावर बारीक पाऊस पडत होता. दोन मिनिटं खिडकीतून बघत बसलो, गाडी हलली आणि तिथूनच माझा समारोह सुरू झाला.

आमच्या घरी गाणं आलं ते रेडिओतून. बाबांच्या रेडिओचा काटा मिडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झला, म्हणजे आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावर, ठरलेलाच असायचा. हे केंद्र १९४८ च्या जुलैत सुरू झालं. पावसाळ्यात वीज चमकली की आवाजात करकर यायची. बाबा उठून रेडिओ जरासा तिरपा करायचे आणि आवाज पुन्हा स्वच्छ व्हायचा. आतला अँटेना वळवल्याने फरक पडतो, हे पुढे कॉलेजात कळलं. शास्त्रीय गायनाच्या कार्यक्रमात निवेदिका आधी कलाकाराचं नाव सांगायची, मग राग, ताल, साथीदार. इतकंच. त्या चार ओळींनी मला राग ओळखायला शिकवलं. नाव आधी कानावर पडायचं आणि पुढचा अर्धा तास ते नाव सुरांमध्ये शोधायचं.

शनिवारी रात्रीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम आमच्याकडे कधी चुकायचा नाही. तो १९५२ पासूनचा. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले त्याच वर्षीचा. विविधभारती १९५७ ची, तिच्यावर सकाळी साडेसातला ‘संगीत सरिता’. आणि नागपूरकरांना ज्याचा अभिमान वाटावा असं आणखी एक: १९८८ च्या मे महिन्यात सुरू झालेल्या राष्ट्रीय वाहिनीचा एक हजार किलोवॅटचा ट्रान्समीटर नागपूरचा होता. देशाच्या मध्यावर असल्यामुळे रात्री तिथून देशभर आवाज पोचायचा. ती वाहिनी २०१९ च्या जानेवारीत बंद झाली. रात्री दीड-दोनला त्या वाहिनीवर ऐकलेली सतार मला आजही आठवते आणि ती बंद झाल्याचं दुःखही वाटतं.

आता समारोहाबद्दल. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र तो भरवतं, वसंतरावांच्या पुण्यतिथीच्या म्हणजे ३० जुलैच्या आगेमागे. जागा सिव्हिल लाइन्समधलं डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह. रिक्षावाल्याला एवढं लांब नाव सांगायची गरज नाही. मी सांगायला लागलो तर त्याने मध्येच तोडलं, “देशपांडे हॉल नं? बसा नं बाप्पा.” सीताबर्डीला उतरलात तर मेट्रोने एक स्टेशन पुढे झिरो माइलला या आणि तिथून रिक्षा करा. जाताना मेट्रोचा उपयोग होतो, येताना धरून चालू नका. गाणं संपेपर्यंत शेवटची गाडी निघून गेलेली असते. परतीच्या रिक्षाचं आधीच ठरवून ठेवा किंवा राहायची सोय सीताबर्डी-सिव्हिल लाइन्सच्या पट्ट्यातच करा.

पहिल्या दिवशी मी चूक केली. पत्रिकेवर सहाची वेळ होती. आपल्याकडचे कार्यक्रम तासभर तरी उशिरा सुरू होतात म्हणून मी खोलीवर आराम केला आणि सातला पोचलो. पहिल्या गायिकेचं गाणं संपत आलं होतं. शेवटची द्रुत, म्हणजे जलद लयीतली, बंदिश पाच-सात मिनिटं ऐकायला मिळाली, भिंतीला टेकून, उभ्याने. नागपूरचीच तरुण मुलगी, आवाज असा मोकळा की मागच्या भिंतीपर्यंत येत होता. शेजारचे काका हळूच म्हणाले, “रेडिओवर येते ही. सुरवातीपासून ऐकायला पाह्यजे होतं तुम्ही.” आधीचा संथ लयीतला विलंबित ख्याल गेला तो गेलाच, त्याची हळहळ अजून आहे.

म्हणून माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला: पहिल्या कलाकाराला चुकवू नका. मोठी नावं शेवटी असतात, त्यांची ध्वनिमुद्रणं कुठेही मिळतात. पहिल्या सत्रात बहुधा विदर्भातले कलाकार असतात, आणि त्यातले बरेच आकाशवाणीचे मान्यताप्राप्त. ही मान्यता सहज मिळत नाही. ध्वनिचाचणी द्यावी लागते, मग श्रेणी मिळते: बी, बी हाय, ए आणि सगळ्यात वर टॉप. गावोगावी शिकवण्या करून, घर सांभाळून रियाज करणारी ही माणसं वर्षातून मोजक्या वेळा मोठ्या सभागृहात गातात. त्यांच्यासमोर रिकाम्या खुर्च्या असणं मला फार वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच जाऊन बसलो आणि एरवी कधी दिसलं नसतं ते दिसलं. पडदा उघडला तेव्हा गायक अजून तंबोरा लावत होते. पहिली तार पंचमात, म्हणजे ‘प’ या सुरात, होती. त्यांनी खुंटी थोडी मोकळी केली, थोडी पिळली, मणी नखाएवढा सरकवला, जवारीखालचा, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीवरचा, दोरा चिमटीत धरून हलवला. तार पंचम सोडून वर निषादावर, म्हणजे ‘नी’वर, जाऊन थांबली. मी ताठ बसलो. पंचम नको म्हणजे पंचम वर्ज्य असलेला राग, आणि वेळ संध्याकाळची. “मारवा,” मी मनात म्हटलं. त्यांनी कोमल रिषभ (रे) लावला, षड्ज (सा) टाळून तिथेच थांबले आणि सभागृहात एक निःश्वास ऐकू आला.

वसंतरावांच्या नावाच्या सभागृहात मारवा गाणं ही साधी गोष्ट नाही. लाहोरला असद अली खाँसाहेबांकडून त्यांना या रागाची दृष्टी मिळाली, आणि त्यांचा मारवा ऐकलेली माणसं अजून त्या प्रेक्षागृहात बसलेली असतात. रेडिओवर राग अर्ध्या तासात मांडावा लागतो, त्यामुळे कलाकार लवकर मुद्द्यावर येतो. तेही मला आवडतं. इथे मात्र त्या गायकांनी मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, धैवताभोवतीच (ध) पंधरा मिनिटं घालवली. शेवटी पूर्ण षड्ज लागला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पेटीवाल्याने तिथे हात उचलून घेतला. याच पेटीला आकाशवाणीवर १९४० पासून तीस वर्षं बंदी होती, आणि हे माहीत असलं की तिचं असं गप्प राहणंही वेगळं ऐकू येतं.

बसायला मधल्या रांगांच्या जरा मागे जागा धरा. अगदी पुढे कडेला बसलात तर भोंग्याचाच आवाज येतो, तंबोरा हरवतो. छत्री हवीच, आणि एक पातळ शाल, कारण ओल्या कपड्यांवर एसीची थंडी बसते. प्रवेशासाठी मला तिकीट लागलं नाही, त्यामुळे जागा लवकर येणाऱ्याची. निघण्याआधी त्या वर्षीच्या तारखा आणि वेळा सांस्कृतिक केंद्राकडून नक्की करून घ्या. सकाळी तर्री पोहे खा, पण कार्यक्रमाआधी सावजी नको. तिखट पोटात घेऊन तीन तास बसवत नाही.

जायच्या आधी आठवडाभर कान तयार करा. ‘न्यूज ऑन एआयआर’ या ॲपवर नागपूर केंद्र ऐकता येतं, आणि आकाशवाणीची ‘रागम’ ही चोवीस तासांची शास्त्रीय संगीताची वाहिनीही. मी रोज संध्याकाळी एक तास लावत होतो. तारेवरून राग ओळखता आला तो त्यामुळेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी आकाशवाणी चौकात उतरून केंद्राच्या फाटकाशी थोडा वेळ उभा राहिलो. परवानगीशिवाय आत जाता येत नाही. तेवढ्यावरच समाधान मानलं आणि बाबांना फोन लावून सांगितलं की मी आपल्या रेडिओच्या दारात उभा आहे.

परतीला एसटी घेतली ती मुद्दाम, अमरावती रस्त्यावर तुकडोजी महाराजांची समाधी असलेलं गुरुकुंज मोझरी लागतं म्हणून. त्यांची खंजिरीची भजनं हा विदर्भाच्या गाण्याचा दुसरा काठ. त्यांचा पुण्यतिथी महोत्सव अश्विन वद्य पंचमीच्या सुमारास असतो, संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखोंचा समुदाय मौन पाळतो. समाधीपाशी एक आजोबा एकटेच खंजिरी वाजवत बसले होते. मी विचारलं, “बाबा, महोत्सवाला यायचं तर किती दिवस आधी यावं?” त्यांनी खंजिरी न थांबवता उत्तर दिलं, “दोन दिवस आंधी ये. अन् घोंगडी आन सोबत.”