एन्डोस्टॅटिन नॉर्मल किती, हे ठरवणं सोपं नाहीये

एन्डोस्टॅटिन म्हणजे नवीन रक्तवाहिन्या फुटायला ब्रेक लावणारं प्रोटीन, कोलॅजन १८ या मोठ्या प्रोटीनचा तुटलेला तुकडा, १९९७ साली अमेरिकन संशोधक जुडा फोकमन यांच्या लॅबमधून पुढे आलं. गाजलं कॅन्सरमुळे, म्हणजे गाठीचा रक्तपुरवठा तोडता येईल या आशेने, पण धडधाकट माणसाच्या रक्तातही ते असतंच. मग पेशंटची लेव्हल जास्त म्हणायची तर आधी निरोग्यांची रेंज नको का? आणि खरी गोची तिथेच आहे, रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्समध्येही हे साठलेलं असतं, ट्यूबमध्ये रक्त गोठलं की बाहेर पडतं, म्हणजे सीरम (रक्त गोठल्यावर उरलेलं पाणी) घेतलं की प्लाझ्मा (न गोठवलेल्या रक्तातलं पाणी) यावरच एलायझाचा, म्हणजे प्रोटीन मोजायच्या टेस्टचा, आकडा हलू शकतो. त्यात व्यायामानेही लेव्हल वाढते, कुणी दणकून व्यायाम करून सॅम्पल द्यायला आला तर झालंच कल्याण! डाऊन सिंड्रोमवाल्यांमध्ये तर मुळातच जास्त, कारण कोलॅजन १८ चा जीन २१ नंबरच्या क्रोमोसोमवर, आणि त्यांच्यात त्याची एक प्रत जादा.