आमची वाटचाल: होडीची मोटर आणि बॅटरीचा हिशोब

मी मूळचा वाइंडिंगवाला. आर्मेचर गुंडाळणं, कार्बन ब्रश बदलणं, बेअरिंग काढून नवं बसवणं, एवढ्यावर आमचं दुकान चाललं होतं. होडीशी संबंध शून्य. एके दिवशी एक गिऱ्हाईक लांब दांड्याच्या टोकाला बसवलेली छोटी मोटर घेऊन आलं. "ही पाण्यात चालते. म्हणजे चालायची."

उघडली तर आत पाणी, आर्मेचर गंजलेलं. पंखा काढल्यावर कारण दिसलं. शाफ्टला तंगुसाचा, म्हणजे गळाच्या दोरीचा, घट्ट पिळा बसला होता आणि त्यानं सील कापलं होतं. दोन वायसरांएवढ्या जागेत गुंडाळलेल्या तंगुसानं आख्खी मोटर खाल्ली. आजही आम्ही मोटर देताना गिऱ्हाइकाकडून पंखा एकदा काढून परत बसवून घेतो, मगच मोटर त्याच्या हातात देतो. काहींना राग येतो. येऊ दे.

दुरुस्तीला अशा मोटरी वाढू लागल्या, तसे आम्ही विक्रीत उतरलो. ट्रोलिंग मोटर म्हणजे गळ मागे सोडून होडी संथ चालवायची, मासा न बुजवता जागेवर धरून ठेवायची, त्यासाठीचं यंत्र. 1934 साली अमेरिकेत फार्गो इथं ओ. जी. श्मिट यांनी अशी विजेवरची मोटर बनवली. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या शेजारच्या राज्यांवरून तिचं नाव मिन कोटा पडलं. तेव्हापासून हे हळू जाण्याचंच यंत्र आहे. तरी दर दहातले सात जण दुकानात शिरताच विचारतात, "पळते किती?"

मोटरची ताकद पौंडांत मोजतात, म्हणजे ती किती जोरानं ओढते ते. माणसं, बॅटरी, सामान धरून दर 45 किलोमागे निदान 2 पौंड, हा सर्वमान्य ठोकताळा. सुरुवातीला आम्ही एवढ्यावरच मोटर विकायचो. 600 किलोची भरलेली होडी? 27 पौंड. मग 30 पौंडाची घ्या. झालं.

मग एक जण वल्ही मारत परत आला. मोटर आमची, नवीकोरी, तिला काहीही झालं नव्हतं. बॅटरी त्यानं गाडीतली काढून लावली होती, 60 अँपिअर-तासांची. 30 पौंडाची मोटर पूर्ण जोरावर साधारण 30 अँपिअर खेचते, म्हणून त्यानं दोन तास धरले होते. पण लेड-अ‍ॅसिड बॅटरीवरचा आकडा बहुधा वीस तासांत सावकाश रिकामी करण्याचा असतो. 30 अँपिअरनं उपसली तर तेवढी मिळतच नाही. शिवाय ती अर्ध्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं. त्यात गाडीची बॅटरी क्षणभर जोरात स्टार्टर फिरवण्यासाठी असते, तासन्‌तास पुरवण्यासाठी नाही. त्यासाठी डीप सायकल बॅटरी लागते. सगळा हिशोब घातला तर हातात तासभरसुद्धा नव्हता. त्यात दुपारी समोरून वारा.

चूक बॅटरीची म्हणता येईल. पण आम्ही त्याला बॅटरीबद्दल विचारलंच नव्हतं.

त्या दिवसापासून पौंडांचा प्रश्न आम्ही शेवटी टाकला. आधी विचारतो: पाण्यात किती तास असता, त्यातले पूर्ण जोरावर किती? वारा, प्रवाह कसा? या उत्तरांनी निवड पार बदलते. वारा असेल तर मी ठोकताळ्याच्या दीडपट मोटर सुचवतो. गिऱ्हाइकाला वाटतं, मोठी मोटर म्हणजे बॅटरी लवकर संपणार. उलट, मोठी मोटर अर्ध्या जोरावर निवांत चालते. होडीला लागणारी शक्ती ढोबळमानानं वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणून वेग थोडा कमी केला तरी बॅटरी बरीच जास्त टिकते. मात्र त्यासाठी इलेक्ट्रॉनिक कंट्रोल हवा. जुन्या पाच टप्प्यांच्या मोटरी वेग कमी केला की उरलेली वीज उष्णतेत घालवतात.

12 व्होल्टवर साधारण 55 पौंडांपर्यंत मोटर मिळते. 80 च्या आसपास 24 व्होल्ट, त्यापुढे 36. लहान होडीला 12 पुरतं, त्यावर जास्त बोलत नाही.

वायरवर मात्र बोलावंच लागेल, कारण दुसरी मोठी चूक तिथंच केली. वजनाचा तोल साधायला एका होडीत बॅटरी मोटरपासून 5 मीटर पुढं ठेवली आणि 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली. जाऊन-येऊन 10 मीटर. 50 अँपिअरला जवळपास दीड व्होल्ट वायरीतच गळत होते. वायर हाताला गरम लागायची. आता इतक्या अंतराला 16 चौरस मिलिमीटरची वायर, तिच्या टोकांना नीट दाबलेली थिंबलं (जोडणीच्या टोप्या) आणि बॅटरीजवळच ब्रेकर. मासे शोधायच्या यंत्राला वेगळी बॅटरी, नाहीतर मोटरचा विजेचा गोंगाट त्याच्या पडद्यावर उमटतो.

लिथियम आली तेव्हा धाकटा भाऊ भलताच खूश. 100 अँपिअर-तासांची लेड बॅटरी तीस किलोच्या आसपास, लिथियम बारा-तेरा. खरंच सुख आहे. पण लेड बॅटरी संपत आली की मोटर मंदावून सांगते; लिथियम शेवटपर्यंत जोरात चालते आणि एकदम बंद पडते. म्हणून तिच्यासोबत किती चार्ज उरला ते दाखवणारं मीटर घेतल्याशिवाय मी देत नाही. चार्जरही तिचाच हवा.

भावाचं नि माझं अजून एकाच गोष्टीवर वाजतं. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर बसणारी, उपग्रहावरून जागा धरून ठेवणारी मोटर. "दादा, त्यात नफा आहे." आहेच. वाऱ्यात ती मागच्या मोटरीपेक्षा होडी सरळही ओढते. पण दोघांच्या लहान होडीत, शांत तळ्यावर मागच्या फळीला लावलेली साधी मोटर पुरत असेल, तर मी तीच देतो. त्यापेक्षा दांड्याची लांबी महत्त्वाची. होडी भरून, पाण्यात ठेवून मोजावी. मोटर पाण्याखाली साधारण 30 सेंटिमीटर राहिली पाहिजे, नाहीतर लाटेत पंखा वर येऊन हवा खातो.

खाऱ्या पाण्यात जाणार असाल तर त्यासाठीच बनवलेली मोटर घ्या. गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा तिच्यावर असतो, तो झिजला की बदला. काम झालं की गोड्या पाण्यानं धुवा.

हल्ली नवी जोडणी झाली की आमच्यापैकी एक जण क्लॅम्प मीटर घेऊन होडीत बसतो. दर वेगाला किती अँपिअर, ते वहीत उतरवतो. 12 व्होल्टची पानं भरत आली आहेत. 36 च्या पानावर अजून दोनच होड्या आहेत.